पील करताय? आधी रेटिनॉल बाजूला ठेवा

माझं पहिलं ग्लायकोलिक पील, म्हणजे ग्लायकोलिक आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा उपचार, ३० टक्क्यांचं होतं. त्वचारोगतज्ज्ञांनी आठवडाभर आधीच रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्वाचं क्रीम), स्क्रब, वॅक्सिंग सगळं बंद करायला लावलं. ओठांवर तापाचे फोड उठत असतील किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगून टाका. लपवू नका.

पील लावल्यावर मुंग्या चावल्यासारखं झोंबतं. माझ्या नाकपुडीच्या कडेला दुसऱ्याच मिनिटाला आग व्हायला लागली. मी हात वर केला, तिथे लगेच न्यूट्रलायझर, म्हणजे आम्लाचा परिणाम थांबवणारं द्रावण, लागलं. ‘करू सहन’ म्हणत गप्प बसणं हा शुद्ध वेडेपणा.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. हनुवटीजवळ जुन्या भिंतीच्या रंगासारखे पोपडे सुटतात आणि नखं शिवशिवतात. ओढू नका! मी एकच ओढला (आरशासमोर उभं राहणंच चुकलं), त्या जागचा तपकिरी डाग जायला दोन महिने लागले. सावळ्या त्वचेवर असे डाग पटकन धरतात.

बाकी सोपं आहे: सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि किमान एसपीएफ ३०चं सनस्क्रीन. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. रेटिनॉल मात्र पोपडे पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांना विचारूनच.