आई आणि कुत्र्याला घेऊन महाबळेश्वर, गाडीने

पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किमी, एरवी आपण तीन तासात मारतो, पण शेजारी सत्तरीची आई आणि मागे कुत्रा असेल तर सरळ पाच तास धरा आणि सकाळी सहालाच निघा.

कुत्र्याचं जेवण निघायच्या निदान तीन-चार तास आधी, म्हणजे आदल्या रात्रीच उरकायचं, नंतर फक्त थोडं थोडं पाणी. मागच्या सीटवर हार्नेस घालून बेल्टला अडकवा, घाटात खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका, कितीही लाडात आला तरी. आईला पुढची सीट, कमरेला उशी. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या, कारण बीपी वगैरेची औषधं चालू असतात, आणि घाट लागल्यावर दिली तर काही उपयोग नाही, आधीच द्यावी लागते.

सुरूर फाट्याला हायवे सोडला की वाई, तिथे थांबाच. आई ढोल्या गणपतीला जाऊन येते तोवर आपण कुत्र्याला फिरवायचं. पुढे पसरणी घाट, वळणं बरीच, गिअर खालचा ठेवा, ब्रेक सारखे मारू नका, त्यानेच मळमळतं (आमच्या आईचं निदान, पण बरोबर निघालं). वरून धोम धरणाचं पाणी मस्त दिसतं.

पॉइंटवर माकडं फार, पट्टा हातातच हवा. आणि हॉटेलला आधी फोन करून विचारा, कुत्रा चालतो का, खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का. आम्ही एकदा नाही विचारलं, आईला दोन जिने चढायला लागले, अजून ऐकवते.