प्रोजेक्शन टीव्ही बिघडला? लगेच लॅम्प मागवू नका

खारघरला माझ्या मावसभावाकडे ५० इंची डीएलपी प्रोजेक्शन टीव्ही आहे, म्हणजे आतल्या लॅम्पचा उजेड सूक्ष्म आरशांच्या चिपवरून मागून पडद्यावर टाकणारा. २००६ च्या सुमाराला अमेरिकेहून परतताना घरच्या सामानाबरोबर आणलेला. गेल्या दिवाळीत तो अचानक रुसला. बटण दाबलं की तीनदा सुरू व्हायचा प्रयत्न करायचा आणि गप्प. आम्ही दोघांनी इंटरनेटवर वाचून ‘लॅम्प गेला’ असं ठरवून टाकलं. नवा मागवला, पंधरा दिवस वाट पाहिली, बसवला. पडदा काळाच.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “भाऊजी, गणपतीपासून तो सुरू करताना मिक्सरसारखा गुंई करतोय. मी सांगत होते ना?”

इथेच आमची पहिली चूक. या सेटमध्ये कलर व्हील नावाची रंगीत काचांची छोटी चकती असते, मिनिटाला हजारो फेरे घेणारी. बेअरिंग झिजलं की ती केकाटते आणि एक दिवस अडकते. ती फिरली नाही तर सेट चित्र देतच नाही, मग लॅम्प कितीही नवा असो. म्हणून आधी कान लावा. पंखा, मग चढत जाणारी घरघर, मग लॅम्पची टिकटिक: हा झाला निरोगी सेट. घरघरच नसेल तर चकतीकडे बघा. घरघर आहे, टिकटिक आहे, पण अंधाऱ्या खोलीत मागच्या जाळीतून उजेड दिसत नाही, तर दोष लॅम्पचा किंवा त्याला वीज देणाऱ्या बॅलास्टचा. उजेड दिसतोय आणि चित्र नाही, तर पुढचं बोर्डाचं काम, ते कारागिरावर सोडा. आणि चकतीही बदलायची घाई नको. तिच्या मधल्या गोलावर एक काळी खूण असते, ती वाचणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली तरी सेट असाच हट्ट करतो. कॅमेऱ्याच्या ब्लोअरने फुंकर मारून बघा. खारघरमध्ये समोर टॉवरचं बांधकाम चालू असेल तर हे आधीच करा.

अमेरिकेहून आणलेला सेट असेल तर मागची पट्टी वाचा. तिथे १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० ला थेट जोडणं म्हणजे सेटचा बळी. साफसफाईत कुणीतरी व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बाजूला करतं आणि प्लग भिंतीत जातो. मग नुसता फ्यूज उडून निभावलं तर नशीबच म्हणायचं.

वीज गेल्यावर काय करतो आपण? ती आली की लगेच रिमोट दाबतो, दाबतच राहतो. तापलेल्या लॅम्पमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट असतो. तो निवल्याशिवाय लॅम्प पुन्हा पेटत नाही. दहा मिनिटं थांबा. रोज रात्री भिंतीचं बटण एकदम बंद करणंही तसंच. रिमोटने बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालतो, त्याला ते काम करू द्या.

लॅम्प बदलायचाच असेल तर प्लग काढून तासभर थांबा आणि काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे जळतं, काच तडकते. झाकण नीट लावा, कारण आत एक छोटा स्विच असतो, तो दाबला गेला नाही तर नवा लॅम्पही पेटणार नाही. लॅम्प फुटलाच तर खिडक्या उघडा, खोलीबाहेर पडा. आत पारा आहे, व्हॅक्युम क्लीनर फिरवू नका.

आतल्या मोठ्या आरशाला काच पुसायचा निळा स्प्रे आणि वर्तमानपत्र लावणारे लोक मी पाहिलेत. त्या आरशाचा मुलामा पुढच्या बाजूला असतो, चरा पडला की कायमचा. फुंकर, फार तर मऊ ब्रश, बस.

तुमचा सेट त्याहून जुना, तीन पिक्चर ट्यूबवाला असेल तर मात्र हात आवरा. लाल-निळ्या रेषा वाकड्या होऊन वेगवेगळ्या धावत असतील तर बहुधा कनव्हर्जन्सचे, म्हणजे तिन्ही रंगांची चित्रं एकावर एक जुळवणारे आयसी गेलेले असतात. मेनूत तासन्‌तास बाण हलवून ते सुधारत नाही. ट्यूबला ३०,००० व्होल्टच्या घरात दाब असतो, प्लग काढल्यावरही काही काळ उरतो. ट्यूबसमोरचा थंडावा देणारा द्रव गळून बोर्डावर आला असेल तर सेट चालूच करू नका, तो द्रव विषारीही असतो.

पडद्यावर रोज वाढणारे पांढरे ठिपके? चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकलेत. त्यावर घरगुती उपाय नाही.

आमची चकती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन फेऱ्या मारूनही मिळाली नाही. तुर्भ्याला भंगारात त्याच मॉडेलचा फुटक्या पडद्याचा सेट निघाला, त्यातली बसवली. जुना लॅम्पही ठणठणीत होता, तो आता कपाटात स्पेअर म्हणून आहे. आणि टीव्ही सुरू करताना वहिनी अजूनही आधी मिक्सर थांबवते.