पार्ट मिळत नाही म्हणून अख्खी खिडकी बदलू नका

न्यू जर्सीत लेकीच्या घराला १९८०च्या दशकातल्या लाकडी खिडक्या आहेत. हँडल फिरवलं की झडप बाहेर उघडते, जाळी आतल्या बाजूला. त्यातल्या एका खिडकीचं हँडल नुसतंच गरगर फिरायला लागलं. बघायला आलेला विक्रेता म्हणाला, हा ऑपरेटर (हँडलच्या खालची, झडप ढकलणारी गिअरची पेटी) कंपनीने कधीच बंद केला, घरातल्या सगळ्या खिडक्या बदला. ऑपरेटर बंद झाला हे बहुतेक वेळा खरं असतं. पुढचं ऐकायची घाई नको. माझी नोकरी पिंपरीच्या टूलरूममध्ये झाली, त्यामुळे मला त्या पेटीत काय असणार हे न उघडताच ठाऊक होतं. एक वर्म (आटे पाडलेला स्क्रूसारखा गिअर), त्याला लागलेला दात्यांचा अर्धगोल गिअर, गिअरला जोडलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला झडपेखालच्या पट्टीत सरकणारा रोलर किंवा गुटका. काही मॉडेलांत दांडे दोन असतात.

आधी हँडल काढा. बाजूचा बारीक स्क्रू सैल केला की ते वर येतं. उघड्या पडलेल्या खुंटीला व्हाइस ग्रिप (घट्ट पकडून राहणारी पक्कड) लावून हळू फिरवा. झडप व्यवस्थित हलली तर ऑपरेटर ठणठणीत आहे, हँडलच्या आतले दाते झिजलेत. हँडल जस्ताच्या ओतकामाचं, खुंटी पोलादाची. आधी झिजणार कोण ते उघड आहे. नवं हँडल घ्या आणि कामाला लागा.

खुंटी फिरते पण झडप हलत नाही, किंवा कटकट आवाज येतो, तर आतले दाते गेले. तरीही लगेच ऑर्डर टाकू नका. दांडा पट्टीतून सोडवा (पट्टीत एके ठिकाणी रुंद खाच असते, रोलर तिथे आणून दाबला की सुटतो, काही मॉडेलांत क्लिप असते) आणि झडप हाताने उघडबंद करून बघा. वरच्या मजल्यावर असाल तर दुसऱ्या माणसाला झडप धरायला सांगा, कारण दांडा सुटला की वारा तिला भिरकावू शकतो. झडप जड चालली तर खरा रोग बिजागरीत आहे. गंज, रंगाचे थर, फुगलेलं लाकूड, काहीही. तो न काढता नवा ऑपरेटर बसवलात तर त्याचेही दाते जाणार. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ इथेच द्यावा: रंग खरवडा, बिजागरीचे स्क्रू आवळा, सरकणाऱ्या भागांना सिलिकॉन स्प्रे मारा. घर १९७८च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ओलं करून खरवडा आणि पोरांना लांब ठेवा.

आता ऑपरेटर बाहेर काढा. वरचं झाकण पट्टीने उचकटून निघतं. लाकडी पट्टीखाली दडलेला असेल तर रंगाची रेघ आधी कटरने कापा, नाहीतर लाकूड चिरतं. मग ओतकामावरची अक्षरं वाचा. खिडकी कोणत्याही कंपनीची असो, आत बऱ्याचदा मिनेसोटातल्या ‘ट्रुथ हार्डवेअर’चा ऑपरेटर निघतो. म्हणजे शोध खिडकीच्या कंपनीकडे नाही, ऑपरेटरच्या नावाने करायचा.

मापं व्हर्निअरने घ्या. स्क्रूच्या भोकांची मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं, दांड्याची मधल्या रिव्हेटपासून टोकापर्यंतची लांबी, दांडा सरळ की वाकडा, आणि खुंटीचा व्यास. खुंटी साधारणपणे ५/१६, ११/३२ किंवा ३/८ इंचाची असते, मिलिमीटरमध्ये ७.९, ८.७ आणि ९.५. फरक इतका थोडा की फूटपट्टीने कळणार नाही. डावा-उजवा ठरवताना काही दुकानं खिडकीकडे बाहेरून बघतात, काही आतून. ‘आतून बघता बिजागरी डावीकडे’ असं पूर्ण वाक्य लिहा आणि फोटो जोडा. न्यू जर्सीतल्या कॅम्डनचं स्विस्को किंवा मेरीलँडमधलं ब्लेन अशी जुन्या पार्टची दुकानं फोटोवरून जुळणी सुचवतात.

हुबेहूब नाही मिळाला तर भोकांपेक्षा दांड्याची लांबी आणि वळण जुळवा. भोकं नवी पाडता येतात. दांडा चुकीचा असेल तर झडप अर्धीच उघडेल किंवा पूर्ण मिटणार नाही. जुनी भोकं लाकडी काड्या आणि सुतारकामाचा गोंद भरून बुजवा, रात्रभर वाळू द्या, मग नवं भोक पाडा. तेही जमलं नाही तर घरातल्या कधीच न उघडणाऱ्या खिडकीचा ऑपरेटर त्याच हाताचा (डावा किंवा उजवा) आहे का बघा आणि अदलाबदल करा. आपल्याकडच्यासारखी हाताने ढकलायची खिडकी करून स्टे (उघडी झडप अडवून धरणारी दांडी) लावता येतो, पण मग आतली जाळी आड येते. आणि झोपण्याच्या खोलीची झडप स्क्रूने कायमची ठोकू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

बसवताना सगळे स्क्रू आधी सैल लावा, झडप पूर्ण मिटवून बघा, मगच आवळा. गिअरला थोडं पांढरं लिथियम ग्रीस पुरे. आणि घरातल्यांना एवढं शिकवा: झडप चौकटीला टेकली की हँडल सोडायचं. घट्ट ओढून घेण्याचं काम बाजूच्या लॉकच्या खटक्याचं आहे. झडप टेकल्यावरही जोर लावून हँडल पिळत राहिलं की दाते जातात. आमच्या जावईबापूंना अजून सांगावं लागतं.