‘घरबसल्या भरघोस कमाई’: पैसे भरण्याआधी योजना कशी तपासावी?

ऑनलाइन मार्केटिंगमध्ये पैसा आहे. दुसऱ्याचा माल विकून कमिशन घेणारे, स्वतःचं ऑनलाइन दुकान चालवणारे, इतरांच्या जाहिराती लिहून पोट भरणारे पुष्कळ लोक आहेत. अडचण अशी की गंडा घालणाऱ्या योजनाही याच धंद्यांची नावं लावून येतात: अ‍ॅफिलिएट मार्केटिंग (दुसऱ्याच्या मालाची लिंक देऊन विक्रीवर कमिशन), ड्रॉपशिपिंग (स्वतः साठा न ठेवता पुरवठादाराकडून थेट गिऱ्हाइकाला माल पाठवणं), डिजिटल प्रॉडक्ट. नावावरून काही कळत नाही. वेबसाइटच्या देखणेपणावरून तर मुळीच नाही. लबाडाचं पान बहुधा प्रामाणिक माणसाच्या पानापेक्षा जास्त चकचकीत असतं, कारण त्याच्याकडे विकण्यासारखं तेवढंच असतं.

त्यामुळे ‘हे लोक चांगले वाटतात का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. कागद, पेन आणि अर्धा तास काढा. खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या दोनमध्येच बऱ्याच योजना गळून पडतात.

१. पैसा कुणाच्या खिशातून येणार ते लिहा

कागदावर एकच वाक्य लिहायचं: ‘मला पैसे मिळतील, कारण ____ हा माणूस ____ या वस्तूसाठी पैसे देईल.’ मग योजनेचा व्हिडिओ किंवा पान बघून रिकाम्या जागा भरायच्या.

‘सिस्टिम’, ‘अल्गोरिदम’, ‘ऑटोपायलट’ हे शब्द तिथे लिहून चालणार नाही. त्यांना खिसा नसतो. गिऱ्हाईक कोण, त्याला काय मिळतं आणि बाहेर तीच गोष्ट स्वस्तात किंवा फुकट मिळत असताना तो इथे का घेईल, एवढं साध्या भाषेत लिहिता आलं पाहिजे. तासभराचा वेबिनार ऐकूनही ते लिहिता येत नसेल, तर दोष तुमच्या आकलनाचा नाही. सांगणाऱ्याने ते मुद्दामच गाळलेलं असतं.

वाक्य ‘कारण माझ्यानंतर येणारा माणूस प्रवेश फी भरेल’ असं झालं, तर ती साखळी योजना आहे. मधे क्रीम, गोळ्या, ई-बुक किंवा ‘ट्रेनिंग’ काहीही असो. अमेरिकेत १९७५ साली कॉस्कॉट नावाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांना फसवणुकीपासून वाचवणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेने, ठरवलेली कसोटी आजही कामाची आहे. पैसे भरून सभासदाला माल विकण्याचा हक्क मिळतो आणि सोबत नवे सभासद आणल्याबद्दल बक्षीसही मिळतं. ते बक्षीस खऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी जोडलेलं नसेल, तर तो पिरॅमिड, म्हणजे हीच साखळी योजना. म्हणजे विचारायचं एवढंच: उद्यापासून नवीन सभासद घेणं बंद झालं, तर कालपर्यंतच्या सभासदांना पैसे मिळत राहतील का?

‘फक्त सहा जण जोडा’ हे ऐकायला किती सोपं वाटतं! प्रत्येकाने सहा जोडले की ६, ३६, २१६ असं वाढत बाराव्या पातळीवर दोनशे सतरा कोटींच्या वर माणसं लागतात. तेराव्या पातळीला तेराशे सहा कोटी. पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत. म्हणजे तळाशी असलेल्यांचं नुकसान हा अपघात नसतो. ते रचनेतच असतं, आणि कुठल्याही क्षणी बहुसंख्य लोक तळाशीच असतात.

२. दिलेला दर वर्षभर चालवून बघा

‘रोज फक्त १ टक्का.’ या वाक्यातला ‘फक्त’ फार महागात पडतो. मिळालेला नफा पुन्हा त्यातच गुंतवत गेलात, तर १,००० चे वर्षाअखेर सुमारे ३७,८०० होतात. दुसऱ्या वर्षाअखेर चौदा लाखांच्या वर आणि तिसऱ्या वर्षाअखेर पाच कोटींच्या पुढे. कॅल्क्युलेटरवर १.०१ चा ३६५ वा घात काढून बघा. हे यंत्र खरोखर ज्याच्या हाती आहे, तो तुमच्यासारख्या अनोळखी माणसाकडून थोडेथोडे पैसे गोळा करत कशाला बसेल? तो गप्प राहील आणि तीन वर्षं थांबेल.

बिटकनेक्ट नावाच्या क्रिप्टो योजनेने साधारण असेच दर दाखवले होते. आपोआप खरेदी-विक्री करणारा म्हणे एक ‘ट्रेडिंग बॉट’ आणि यूट्यूबवर रेफरल लिंका (त्यावरून कुणी आलं की वाटणाऱ्याला कमिशन) वाटणारे प्रचारक, असा तिचा थाट होता. जानेवारी २०१८ मध्ये तिने आपली ‘कर्ज योजना’ (लोकांनी कंपनीला पैसे उसने द्यायचे आणि त्यावर हा परतावा घ्यायचा) बंद केली आणि तिच्या स्वतःच्या क्रिप्टो नाण्याची किंमत कोसळली. अमेरिकी सरकारी वकिलांनी पुढे हा सुमारे दोन अब्ज डॉलरचा घोटाळा असल्याचं म्हटलं.

दरासोबत आणखी एक हिशेब करावा, तो म्हणजे मालाचा. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याला कुणाची बदनामी करावी लागत नाही. १९२० मध्ये बोस्टनला चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ करत होता. टपालाची आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपनं एका देशात स्वस्तात घेऊन दुसऱ्या देशात महाग तिकिटांसाठी बदलायची, असं त्याचं म्हणणं. कल्पना तत्त्वतः बरोबर होती, म्हणून तर लोक भुलले. मग कुणीतरी मोजदाद केली: त्याने गोळा केलेल्या पैशांच्या हिशेबाने जवळपास १६ कोटी कूपनं चलनात असायला हवी होती, प्रत्यक्षात होती सुमारे २७,०००. तुमच्यासमोरच्या योजनेलाही हेच विचारा. ‘आमचे पन्नास हजार विद्यार्थी एकच वस्तू विकून श्रीमंत होतात’ म्हणे. मग ती वस्तू विकत घेणारे किती लाख लोक लागतील आणि ते आहेत कुठे?

३. स्क्रीनशॉटवरचा आकडा कशाचा आहे?

दुकानाच्या डॅशबोर्डवर दिसणारा मोठा आकडा बहुतेक वेळा विक्रीचा असतो, कमाईचा नव्हे. समजा १०० ची विक्री झाली. मालाचे आणि पाठवणीचे ४५ गेले, जाहिरातींचे ३८, पैसे स्वीकारण्याचं शुल्क ३, परत आलेल्या मालापोटी ७. उरले ७. त्यातून सॉफ्टवेअरचं भाडं आणि कर जायचे आहेत, तुमच्या रात्री तर कुणी मोजलेल्याच नाहीत. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण जाहिरातींवर चालणाऱ्या दुकानाचं चित्र यापेक्षा फार वेगळं नसतं. ‘मी महिन्यात दहा लाख केले’ यातल्या ‘केले’ या क्रियापदाचा अर्थ नेहमी विचारून घ्यावा.

शिवाय तो आकडा खरा असेलच असं नाही. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडा, आकड्यावर जा, हवा तो आकडा लिहा. अर्ध्या मिनिटात तुमच्याही खात्यात कोट्यवधी दिसतील. एकदा स्वतः करून बघाच. त्यानंतर कुणाच्याही स्क्रीनशॉटकडे तुम्ही पूर्वीसारखे बघणार नाही.

४. यशोगाथा मोजा, ऐकू नका

फोटो उलट शोधून पाहणं, म्हणजे रिव्हर्स इमेज सर्च, हे जुनं शस्त्र अजून उपयोगी आहे. ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून लावलेला चेहरा तयार फोटो विकणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरचा निघू शकतो. पण आता यंत्राने बनवलेले चेहरे आणि आवाज सर्रास आहेत. शोधात काही सापडलं नाही म्हणजे माणूस खरा, असं धरून चालू नका.

यशोगाथा खरी निघाली तरी प्रश्न उरतोच: एकूण कितींपैकी? दहा हजार जणांनी पैसे भरले आणि वीस जणांना यश आलं, तर पानावर वीस हसरे चेहरे दिसतात. उरलेले ९,९८० कुठल्याच व्हिडिओत नसतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलताना याच पळवाटेवर बोट ठेवलं. ‘असे परिणाम सर्वांना मिळतीलच असं नाही’ ही बारीक अक्षरातली ओळ पुरेशी मानायची नाही, सर्वसाधारण माणसाला काय मिळतं ते सांगायला हवं, असं त्यांनी म्हटलं. तुम्हीही तेच मागा: गेल्या वर्षी भरती झालेल्यांपैकी मधल्या माणसाला, म्हणजे अर्धे त्याच्या वर आणि अर्धे खाली अशा माणसाला, खर्च वजा जाता किती मिळाले? सरासरी सांगितली तर चालणार नाही. एका अतिश्रीमंताने ती वर चढते.

५. घाईची परीक्षा घ्या

‘ऑफर १४ मिनिटांत संपेल.’ तेच पान ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडा. घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू झालं, तर ते घड्याळ फक्त तुमच्यासाठी चालतंय. मग वेबॅक मशीनवर त्या पानाचा पत्ता टाका. इंटरनेट आर्काइव्हने २००१ पासून लोकांसाठी खुलं केलेलं हे जुन्या वेबपानांचं दफ्तर आहे. ‘फक्त आज’ची सवलत गेल्या वर्षीही ‘फक्त आज’च होती, हे तिथे कधीकधी स्पष्ट दिसतं. डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंदणी कधी झाली तेही शोधता येतं. ‘बारा वर्षांचा अनुभव’ आणि तीन महिन्यांपूर्वी घेतलेलं नाव यांचा मेळ विचारायला हरकत नाही.

६. पुढची पायरी कितीची आहे ते आधीच विचारा

पहिली फी छोटी असते, कारण तिचं काम पैसे मिळवणं हे नसून पैसे देणारी माणसं निवडणं हे असतं. ज्याने थोडे भरले त्याला ‘कोच’चा फोन येतो. कोच म्हणजे विक्रेताच, फक्त हुद्दा गोड.

२०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने मोबी या कंपनीवर कारवाई केली. घरून ऑनलाइन धंदा उभारायची २१ पायऱ्यांची ‘सिद्ध पद्धत’ ती शिकवत असे. प्रवेश ४९ डॉलरचा. आत गेल्यावर मात्र एकावर एक महाग सभासदत्वं विकत घ्यायला लावली जात आणि ती हजारो डॉलरची असत. शिकायला काय मिळायचं? मुख्यतः हीच सभासदत्वं पुढच्यांना कशी विकायची ते. ग्राहकांचे साडेबारा कोटी डॉलरहून जास्त गेल्याचा आरोप होता.

‘शिक्षण’ हा शब्द यात फार सोयीचा पडतो. वनकॉइन या बनावट चलनाचीही विक्री शैक्षणिक पॅकेजच्या नावाने झाली. त्याची संस्थापक रुजा इग्नातोव्हा २०१७ मध्ये गायब झाली आणि २०२२ मध्ये एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेड यादीत तिचं नाव आलं. म्हणून कोर्स विकणाऱ्याला थेट विचारा: तुमची स्वतःची कमाई कशातून होते, तुम्ही शिकवता त्या धंद्यातून की कोर्समधून? कोर्समधून होत असेल तर तो गुन्हा नाही. चांगला शिक्षक शिकवूनच जगतो. पण त्याने तो धंदा आपल्या मोटारीचा उगम म्हणून दाखवू नये.

परताव्याची अट याच वेळी वाचून घ्या. ‘१०० टक्के पैसे परत’च्या खाली ‘सर्व धडे पूर्ण करून, रोजच्या कामाचा पुरावा जोडून, ठरावीक रक्कम जाहिरातींवर खर्च केल्याचं दाखवून’ अशी शेपटी असते. तेवढं करणारा क्वचितच सापडतो.

७. लेखी विचारा आणि सात दिवस थांबा

वरचे प्रश्न ईमेलने पाठवा, फोनवर नको. अमेरिकेतल्या व्यवसाय-संधी नियमानुसार विक्रेत्याने पैसे घेण्याआधी किमान सात दिवस एक खुलासापत्र द्यायचं असतं आणि कमाईचा दावा करत असेल तर त्याचा आधारही द्यायचा असतो. तुम्ही राहता तिथे असा नियम असो वा नसो, सात दिवस स्वतःवर लावून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. उत्तरात आकड्यांऐवजी ‘तुमचा माइंडसेटच गरिबीचा आहे’ असं काही आलं, तर उत्तर मिळालं असं समजा.

८. पहिला हप्ता मिळाला म्हणून विश्वास ठेवू नका

लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, असं आपण म्हणतो. इथे गंमत अशी की पहिलं जेवण खरोखर वाढलं जातं. व्हिडिओला लाइक द्या, हॉटेलांना तारे द्या अशी ‘टास्क’ देणारे आधी दोनचार वेळा खरे पैसे पाठवतात. मग एक ‘स्पेशल ऑर्डर’ येते, खातं वजामध्ये जातं आणि ते भरल्याशिवाय आधीचे पैसे निघत नाहीत. भरलं की आणखी मोठी ऑर्डर. शेवटी काढायला गेलात की ‘आधी कर भरा’. स्वतःचेच पैसे काढण्यासाठी वेगळे पैसे भरायला सांगितले, तर तिथेच थांबा. पडद्यावरची शिल्लक किती का असेना. पैसे क्रिप्टोतच पाठवा, असा आग्रह असेल तर तेही याच वळणाचं. कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे तक्रार करता येते, क्रिप्टो गेलं की बहुधा गेलंच.

९. भरून बसला असाल तर

पहिलं काम म्हणजे आणखी एकही पैसा न देणं. ‘एवढे गेलेच आहेत तर अजून थोडे’ हा विचार अशा वेळी प्रत्येकाच्या मनात येतो आणि समोरच्याला तो ठाऊक असतो. गप्पा, पावत्या, खात्यांचे क्रमांक, पानांचे फोटो लगेच साठवा, कारण ग्रुप एका रात्रीत गायब होतो. त्यानंतर बँकेला त्याच दिवशी कळवा, मग पोलिसांना किंवा तुमच्याकडच्या सायबर तक्रार यंत्रणेला. घरच्यांनाही सांगा, लाजेपोटी गप्प बसलेला माणूस लबाडाला फार सोयीचा असतो.

काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. बोलणारा वकील असेल, तपास अधिकारी असेल किंवा ‘पैसे परत मिळवून देणारी कंपनी’. तुमचे किती गेले हे त्याला नेमकं माहीत असेल, कारण फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. तो फक्त छोटीशी प्रोसेसिंग फी मागेल.