परदेशात पार्सल पाठवायचंय? डबा बांधायच्या आधी हे बघून घ्या

आपल्या लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची पोरं आता ह्यूस्टनपासून मेलबर्नपर्यंत पोचलीत आणि दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच विचारणा, फराळ पाठवायचाय, काय चालतं अन् काय नाही. कुणी म्हणतं सगळं जातं, कुणी म्हणतं काहीच जात नाही. खरं असंय की एका पार्सलला तीन ठिकाणचे नियम लागतात, विमानाचे, आपल्या कस्टमचे आणि ज्या देशात जायलंय तिथले, आणि दोन ठिकाणी पास झालेली वस्तू तिसरीकडं अडकू शकते.

म्हणून आधी कागद घ्या आणि यादी करा. "फराळ, कपडे, सामान" अशी नाही, एकेक वस्तू, किती नग, किती वजन, कशापासून केलेली, किंमत किती. पुढचं सगळं ह्याच कागदावर चालतं.

आधी विमानाचं बघा

सेंट, डिओचा स्प्रे, नेलपॉलिश, सॅनिटायझर, काडेपेटी, लायटर, फटाके हे सगळं डेंजरस गुड्स, म्हणजे विमानासाठी धोकादायक मालात येतं, म्हणजे बॉक्समधून बाहेर. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पूजेच्या सामानातला कापूर? तो ज्वलनशील घन पदार्थ म्हणून धरतात, तोही काढा. आणि खोबऱ्याच्या वाट्या! सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते बंद जागेत आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून हवाई वाहतुकीच्या यादीत त्याला स्वतःचा नंबर आहे, यूएन १३६३. चिवड्यातले तळलेले काप वेगळे, तरी ते यादीत लिहा आणि काउंटरवर विचारून घ्या.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर अजिबात नको. लोकांना वाटतं एवढ्याशा वस्तूनं काय होतंय, पण ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू विमान आगीमुळं कोसळलं, त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, कॉकपिट धुरानं भरलं आणि दोन्ही पायलट गेले. म्हणून कपड्यात गुंडाळून लपवून पाठवायचा विचारसुद्धा करू नका, एक्स-रेत दिसतं ते, आणि नाही दिसलं तर जास्त वाईट.

मग त्या देशाचं

इथं जरा थांबून वाचा कारण सगळ्यात जास्त डबे इथंच अडकायलेत.

दुबई-अबुधाबीला पाठवत असाल तर खसखस नको म्हणजे नको. यूएईत खसखस अमली पदार्थाच्या कायद्यात येते आणि त्यापायी लोकांना तुरुंग झालेला आहे. आपले अनारसे तर खसखशीवरच थापतात, म्हणून तिकडच्या डब्यात अनारसे टाकूच नका, आणि मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तो मसालाही नको. भोगायला लागेल ते पाठवणाऱ्याला नाही, डबा घेणाऱ्या पोराला.

ऑस्ट्रेलिया दूध आणि बियांच्या बाबतीत फार कडक आहे. कुंथलगिरीचे पेढे, बर्फी, खव्याचं काहीही पाठवू नका, पेरायच्या बियाही नको. ब्रिटन आणि युरोपातही भारतातून पोस्टानं दुधाचे पदार्थ चालत नाहीत, तूपसुद्धा त्यात आलं. तिकडं चकली, शंकरपाळी, शेंगदाण्याची चटणी, येसर, कुरडया असलं कोरडं पाठवा, पण तेही नावानिशी लिहून.

अमेरिकेत सुटा तांदूळ घरगुती पार्सलमधून जात नाही, कारण धान्य पोखरणारा खापरा नावाचा किडा. ताजा कढीपत्ताही नाही. खाण्याच्या वस्तूंची तिथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषध खात्याला, आधी ऑनलाइन सूचना द्यावी लागते, प्रायर नोटीस म्हणतात त्याला. मात्र स्वतःच्या घरी बनवून स्वतःच भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला त्यातून सूट आहे. म्हणजे लाडू आईनं केले असतील तर पार्सलवर पाठवणारी म्हणून आईचंच नाव टाका आणि "घरी बनवलेलं, वैयक्तिक भेट" असं इंग्रजीत स्पष्ट लिहा. दुकानातली पाकिटं असतील तर कुरिअरवाल्याला आधीच विचारा की नोटीस तुम्ही भरणार का, कारण बरेच जण भरून देतात.

पैशाचं पण बघा. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची ड्युटीतली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद केली, आता १०० डॉलरपर्यंतची खरीखुरी भेटच ड्युटीशिवाय जाते. ब्रिटनची भेटीची मर्यादा ३९ पौंड, युरोपीय युनियनची ४५ युरो, कॅनडाची ६० कॅनेडियन डॉलर. त्यावर गेलं की कर घेणाऱ्याला भरावा लागतो, त्याला आधी फोन करून सांगा. भेट म्हणजे माणसानं माणसाला दिलेली. विकलेल्या मालावर गिफ्ट लिहिणं म्हणजे खोटं बोलणं, आणि हे नियम कधीही बदलतात म्हणून पाठवायच्या आठवड्यात परत एकदा तपासा.

आपल्याकडचं

इथली बाजू तशी सोपी. मोरपीस निर्यातीला बंद आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, भांडी किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती अशीच पाठवता येत नाहीत. नवी पैठणी, हिमरू शाल बिनधास्त पाठवा, बिल जोडून. रोख पैसे आणि सोनं पार्सलमध्ये नको. औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी आणि बिल दोन्ही ठेवा, आणि कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल यूएईला तर चुकूनही नको.

फॉर्म भरताना

पोस्टानं पाठवलं तर कस्टमचा फॉर्म भरावा लागतो, लहान पाकिटाला सीएन २२ आणि मोठ्याला सीएन २३. इथं ती यादी कामाला येते. "गिफ्ट" एवढंच लिहिलं तर युरोपची सिस्टीम असलं मोघम वर्णन परत पाठवते. "कॉटन साडी, नवी, २ नग" असं लिहा. एचएस कोड विचारतात, तो वस्तूचा जागतिक नंबर असतो, हळदीचा ०९१०.३०, छापील पुस्तकांचा ४९०१, बाकीचे काउंटरवर शोधून मिळतात. किंमत कमी दाखवून ड्युटी वाचवू असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच लिहिलेल्या किमतीवरून बघतात. आधारची झेरॉक्स, तिकडचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट, आणि घेणाऱ्याचा फोन आणि ईमेल लागेल.

घरगुती मसाले विकायलाच पाठवणार असाल तर वाट वेगळी, डीजीएफटी म्हणजे केंद्र सरकारच्या विदेश व्यापार खात्याकडून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढा आणि पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रात जाऊन पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट हा निर्यातीचा फॉर्म भरा.

पॅकिंग आणि नंतर

बॉक्स घरी चिकटवून नेऊ नका, बरेच ठिकाणी तो उघडून बघतात, चिकटपट्टी सोबत न्या. कुरिअरवाले आकाराचं पण वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले ५०००, म्हणून चुरमुऱ्याचा चिवडा हलका असूनही महाग पडतो. चटणी-मसाला डबल पिशवीत, प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव आणि त्यात काय काय घातलंय ते लिहून चिकटवा, म्हणजे पार्सल उघडलं तरी तपासणाऱ्याला काळी पूड बघून शंका येणार नाही.

पावती आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो लगेच घेणाऱ्याला व्हॉट्सअपवर टाका. ट्रॅकिंगवर कस्टममध्ये थांबल्याचं दिसलं तर दोन-तीन दिवस वाट बघा, बऱ्याचदा आपोआप सुटतं. तिकडून मेल किंवा पत्र आलं तर दिलेल्या मुदतीत बिल आणि तोच फोटो पाठवायचा, नाहीतर पार्सल परत येतं किंवा तिथंच नष्ट करतात. पैसे भरा म्हणून मेसेजमध्ये लिंक आली तर मात्र ती उघडू नका, कुरिअरच्या साइटवर स्वतः नंबर टाकूनच बघा.