बांध घालण्याआधी: माती ओळखा, समपातळी रेषा काढा

बांध घालायचं ठरलं की बहुतेक जण आधी जेसीबीवाल्याला फोन लावतात. त्याआधीची दोन कामं घरच्या घरी, जवळपास फुकटात होतात. ती टाळली तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो आणि एरवी गेली असती त्याहून जास्त माती जाते.

1. माती पाहा

शेताच्या वरच्या टोकाला, मध्ये आणि खाली ओढ्याकडे एकेक गुडघाभर खड्डा घ्या. दख्खनच्या पठारावर तिन्ही खड्ड्यांखालचा खडक एकच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. तरी माथ्यावर वीतभर हलकी माती आणि लगेच मुरूम, उतारावर मध्यम, तर ओढ्याकाठी भारी काळी निघते. वर खडक झिजून तयार झालेली बारीक माती पावसाबरोबर खाली उतरत राहते. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. उघड्या उतारावरून ती जायला मोजके पावसाळे पुरतात.

मूठभर माती भिजवून तळहातावर वळा. वळीच होत नसेल तर जमीन हलकी, वळी होऊन वाकवताना तुटली तर मध्यम, न तुटता गोल कडं झालं तर भारी.

हलक्या-मध्यम जमिनीत समपातळी बांध, म्हणजे उतारावर सारख्याच उंचीवरून जाणाऱ्या रेषेवरचे बांध, चांगले चालतात. भारी काळ्या रानात ते घालू नका. तिथली चिकणमाती भिजली की फुगते, पाणी मुरू देत नाही, पीक पिवळं पडतं. उन्हाळ्यात तीच आकसून बांधाला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच वाट काढतं. अशा जमिनीत किंचित ढाळ दिलेले बांध घालून जादा पाणी गवत वाढवलेल्या चारीने बाहेर काढावं.

2. ए-फ्रेम बांधा

ए-फ्रेम म्हणजे समपातळी रेषा शोधायचं, इंग्रजी A च्या आकाराचं साधन. सारख्या लांबीचे, सहा-सात फुटी दोन बांबू वर एकत्र बांधून पाय फाकवा. मध्यावर आडवी काठी घट्ट बांधा. शेंड्यावरून दगड बांधलेली सुतळी अशी सोडा, की ती आडव्या काठीला अलगद घासेल.

आता मध्यखूण काढायची. दोन्ही पाय जिथे टेकलेत तिथे खुंट्या ठोका, सुतळी काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच खुंट्यांवर ठेवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. जमीन सपाट नसली तरी ही खूण बरोबर येते. वारा असताना हे काम काढू नका, सुतळी हलत राहते.

3. रेषा आखा

सुरुवात माथ्याकडून, कारण पाण्याला जोर यायच्या आधी ते अडवायचं आहे. एक पाय खुंटीशी ठेवा, दुसरा वर-खाली सरकवत सुतळी मध्यखुणेवर आणा, तिथे खुंटी ठोका, आणि असंच पुढे चला. नजरेच्या अंदाजावर विसंबू नका. ढाळाच्या बाबतीत नजर हमखास फसते. शेवटी फक्कीने रेषा जोडताना एखादी खुंटी फारच वाकडी वाटली तर थोडी सरकवून वळण सौम्य करा.

ही रेषा जुन्या बांधांशी जुळणार नाही. आपले बहुतेक बांध हद्दीचे, भावकीच्या वाटणीतून आलेले. पाणी कुठे वाहतं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. ते मोडून भांडण ओढवून घेऊ नका, पेरणी आणि कोळपणी मात्र नव्या रेषेला समांतर करा.

4. खोदाई

माथ्यावरच्या पडीक मुरमाड जागेत रेषेवर सलग चर खणा, साधारण 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल. निघालेली माती चराच्या खालच्या अंगालाच टाका; वरच्या अंगाला टाकली तर ती पहिल्या सरीत चरात परत येते. त्या भरावावर पावसाच्या तोंडावर मारवेल गवत किंवा घायपात लावा.

पहिला जोरदार पाऊस पडून गेला की कुदळ घेऊन रेषेवरून एक फेरी मारा. भराव जिथे खचला असेल तिथे दगड लावून लगेच बुजवा.