ब्रिटनमध्ये नवीन आलात? बॅगेतल्या औषधांबद्दल आधी बोलू

घर, बँक, बसचा पास याबद्दल दहा जण सांगतील. जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा, एवढं मीही सांगते. पण मला बोलायचंय ते आईने बॅगेत कोंबलेल्या औषधांच्या डब्याबद्दल.

आमच्या ओळखीतला, मास्टर्सला आलेला एक मुलगा हिवाळ्यात तापाने फणफणला. डोलो ६५० चालू होती, अंग दुखतं म्हणून मधेमधे कॉम्बिफ्लाम, आणि वर सुपरमार्केटातून आणलेली लेमसिपची पुडी गरम पाण्यातून. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल चालत नाही. याची मर्यादा कधीच ओलांडली होती. रुग्णालयात उताऱ्याची ड्रिप लागली, परीक्षा बुडाली. यकृताला इजा होत असताना पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, म्हणून जास्त गोळ्या गेल्याचा संशय आला की बरं वाटत असलं तरी तडक ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग, गाठा. आणि कुठलीही दोन औषधं एकत्र घेण्याआधी पाकिटावरचं ब्रँडचं नाव सोडा, बारीक अक्षरातले घटक वाचा.

आपले लोक म्हणतात, ‘इथले डॉक्टर पॅरासिटामॉलशिवाय काही देतच नाहीत’, आणि मग ग्रुपवर विचारतात, ‘कुणाकडे अ‍ॅझिथ्रोमायसिनची स्ट्रिप आहे का?’ मला याची मनापासून चीड येते. विषाणूच्या सर्दीवर अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून डॉक्टर देत नाहीत. शंका असेल तर फार्मसीत जा. फार्मासिस्टशी बोलायला अपॉइंटमेंट लागत नाही, पैसे लागत नाहीत. रात्री-अपरात्री १११ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा. श्वास लागला, चेहरा किंवा जीभ सुजली तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर.

आता यलो कार्ड. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही हे माहीत नसतं. थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर १९६४ साली ही योजना सुरू झाली. औषधाने त्रास झाला असं वाटलं की एमएचआरए या औषध नियामक संस्थेला कळवायचं. आधी हे डॉक्टरांचं काम होतं, आता रुग्ण स्वतः कळवू शकतो: वेबसाइटवर, अ‍ॅपवर किंवा फोनवर. तुमची खात्री असायला हवी असं नाही, संशय पुरेसा आहे. औषधाचं नाव, किती घेतलं, कधी सुरू केलं, काय झालं, एवढं लिहा. जमलं तर बॅच नंबरही. लसींबद्दल, जडीबुटीच्या औषधांबद्दलही कळवता येतं. पाकिटातल्या माहितीपत्रकावर काळा उलटा त्रिकोण असेल, तर त्या औषधावर जास्त बारीक लक्ष ठेवलं जातंय. तिथे किरकोळ त्रासही कळवा.

‘उगाच आपलं नाव कुठे जायला नको, व्हिसाचं काही झालं तर?’ ही भीती मी फार ऐकते. माहिती गोपनीय राहते आणि व्हिसाशी तिचा काडीचाही संबंध नाही. तुम्ही गप्प बसलात, तर तेच औषध घेणाऱ्या पुढच्या माणसाला इशारा मिळणार कुठून? चाचण्यांमध्ये काही हजार लोक असतात. दुर्मीळ दुष्परिणाम लाखोंनी औषध घेतल्यावरच उघडे पडतात.

गावाकडून भस्मं, रसौषधी मागवत असाल तर थांबा. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडले आहेत. घेतच असाल तर निदान जीपीला सांगा, लपवू नका. गरोदर असाल तर घेऊच नका.

आईबाबा भेटीला येतील तेव्हा त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची यादी घटकांच्या नावांनी लिहून ठेवा, कारण भारतातले ब्रँड इथल्या डॉक्टरांना माहीत नसतात. आणि ते तिकडे असताना एखाद्या औषधाने त्रास झाला, तर भारतातही २०१०पासून अशीच व्यवस्था आहे. १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आजच साठवून द्या.